उघाडी

शंभराव्या फ्रेमला पाणी थांबायला हवं.
निरोपात एवढंच होतं.
सहा सेकंदांचा शॉट, पितळी कळशी, खाली दगडी डोण,
आणि मधलं पाणी मी करायचं.

रेवदंड्याला, खाडीकडच्या खोलीत,
लॅपटॉपखाली पाट ठेवून मी बसते.
स्रोताला आधी सरळ बटण दिलं:
पहिल्या फ्रेमला चालू, शंभराव्याला बंद.
पाणी विळीवर चिरल्यासारखं तुटलं,
धारेला वरून सपाट टोक,
देठ कापलेल्या काकडीचं असतं तसं.

वैतागून स्रोतच पुसून टाकला.
तर पडलेलं पाणीही गेलं.
डोण कोरडी,
जणू कुणी कधी ओतलंच नव्हतं.

मग आकडा सावकाश उतरवला,
शंभर, साठ, दहा, शून्य.
धार बारीक होईना, नुसती विरळ झाली,
कण सुटे सुटे, मुरमुऱ्यांसारखे.
दिग्दर्शक फोनवर म्हणाला, काहीतरी खोटं वाटतंय.
काय ते त्यालाही सांगता येईना.

पोशा थळे उघाडीवर असतो.
बांधातल्या दाराला पाच फळ्या, खाचेत उभ्या रचलेल्या,
कडांना कालवं चिकटलेली, हात सोलून काढणारी.
ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत काढायचं,
भरती चढायच्या आत दार लावायचं.
त्याच्याकडे घड्याळ आहे, बंद पडलेलं.
अष्टमीची भांग, पुनवेचं उधाण,
बाकीचं बोटांच्या पेरांवर.

पाणी थांबवतोस कसं, मी विचारलं.
"थांबवतंय कोन?" तो म्हणाला.
"एकदम सोरायचा नाय, एकदम आरवायचा बी नाय.
फली फली करून."

त्याने फळ्या परत बसवायला घेतल्या, मी बघत उभी.
पाणी आधी कमी झालं नाही.
आधी त्याची उडी आखूड झाली,
पलीकडच्या दगडावर पडत होतं ते अलीकडच्यावर,
मग चिखलात,
मग उडी मारायचंच विसरलं
आणि फळीला अंग घासत खाली उतरलं.

हे कुठल्या मॅन्युअलात नव्हतं.
घरी येऊन वेगाला एक रेघ दिली,
कळशीच्या तोंडाला दुसरी, तिच्या मागून उतरणारी,
आकड्याला हातच लावला नाही.
रात्रभर गणित चालत राहिलं.
सत्त्याऐंशीव्या फ्रेमला वीज गेली.

मागची फ्रेम झाल्याशिवाय पुढची होत नाही.
शंभरावी बघायची तर नव्याण्णव जगाव्या लागतात,
उडी मारून जाता येत नाही, मी करून पाहिलंय.
अंधारात बसले तेव्हा पोशाची बायको आठवली, पदीबाय.
चार वर्षांपूर्वी बांधाला खांड पडली होती.
पेंढा, चिखल, कुणाच्या घराचं दारसुद्धा घातलं,
एका रात्रीत खांड बुजवली.
पदीबाय मला म्हणाली होती,
आलेलं पाणी गेलं गं, त्यातलं मीठ नाय गेलं.
तीन पावसाळे भाताने लोंबी धरली नाही.

वीज अडीचला आली.
पहिल्या फ्रेमपासून पुन्हा.

सकाळी शॉट पाहिला.
धार आखडली, वाकली, कळशीच्या गळ्याला लागून उतरली,
शंभराला थांबली.
डोणीतलं पाणी हलत राहिलं, काठ चाटत.
आणि एकशे एकतीसाव्या फ्रेमला
कळशीच्या ओठावरून एक थेंब पडला.
तो मी टाकला नव्हता.

दिग्दर्शकाला आवडला.
फक्त म्हणाला, एकशे वीसला येईल का?
मी बघते म्हणाले.

संध्याकाळी बांधावरून गेले.
पाचही फळ्या खाचेत, पोशा घरी गेलेला,
पलीकडे भरती निम्म्या दारापर्यंत चढलेली.
खालच्या फटीतून पाणी आत येत होतं,
बोटभर, आवाज न करता.
हे रोजचंच का, ते विचारायचं राहिलं.